गाळ वर, गाळ खाली

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे आमच्या घरात आता कोणी वेगळं सांगत नाही. चहाचा कप हातात असला तरी मी ओटा ते अंगण अशा फेऱ्या मारत असते. त्यात भाद्रपद सरत आला की देवळाली प्रवरेतलं आमचं घर चारी बाजूंनी उसात बुडतं. दारात उभं राहिलं तर रस्ता दिसत नाही, नुसती हिरवी भिंत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वैभव वाटतं. मला मात्र जीव कोंडल्यासारखं होतं.

यंदा अशाच फेऱ्या चालल्या असताना वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझं माहेर जामखेड तालुक्यात, खर्ड्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर. वहिनी कामाशिवाय फोन करत नाही.

"ताई, शेवंता कोयत्याला निघाली. रविवारी मुकादम नावं घ्यायला येनार हाय," ती म्हणाली. "तिची हीर बुजली ती आपल्या माळानं. तुमी या. तुमच्या दादाला तुमच्याबिगर कोन बोलनार?"

तिकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊस तोडायला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप ठोकायचं, ट्रॉलीत संसार टाकायचा आणि उन्हाळा लागेस्तोवर कारखान्याच्या मुलखात राहायचं. शेवंता ही माझ्या चुलत भावाची, भिवाची बायको. लग्न झाल्यापासून दोघं कोयत्याला जायची. मग त्यांच्या विहिरीला, म्हणजे वहिनी म्हणाली त्या हिरीला, पाणी टिकायला लागलं, रब्बीची ज्वारी आणि चार वाफे भाजी निघायला लागली, तेव्हा शेवंताने कोयता आढ्याला खोचला तो खोचलाच. चार-पाच वर्षं झाली असतील त्याला. आणि आता ती परत निघाली होती. कुठे? तर आमच्याच भागातल्या कारखान्याला! म्हणजे माझ्या भावजयीने कडाक्याच्या थंडीत माझ्या बांधावर पाचटाची कोपी घालून राहायचं, झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून आमचा ऊस तोडायचा आणि मी ओट्यावर चहा पीत फेऱ्या मारायच्या. मला ते कल्पनेतही सहन होईना. फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

"पण दादाला बोलणार काय तू?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ते तिथं गेल्यावर बघू," मी म्हणाले. खरोखरच मला ठाऊक नव्हतं.

राहुरी, नगर, जामखेड

राहुरीच्या स्टँडवर शिंगणापूरच्या जीपवाल्याने माझी पिशवीच धरली. "मावशी, शनीला चला, लगेच सुटतीय!" मी म्हटलं, "अरे बाबा, माझ्या मागं साडेसाती नाही, भाऊ आहे." त्याला काही कळलं नाही, पण पिशवी सोडली. नगरच्या गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर रंगवलेलं होतं आणि कंडक्टर मात्र "नगर, नगर" करून घसा फोडत होता.

ज्यांनी नगर-जामखेड रस्ता पाहिला नाही त्यांना सांगते, आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला जायचं तर मध्ये बीड जिल्ह्यातून जावं लागतं. कडा, आष्टी ही गावं गेली की परत आपण आपल्या जिल्ह्यात. वाटेत माती बदलत जाते. आमच्याकडची काळी, चिकट, पायाला सोडत नाही अशी. इथे ती पातळ होत होत मध्येच मुरूम डोकं वर काढतो. डोंगरांच्या पोटाला ठिकठिकाणी पिवळे जेसीबी दिसत होते. जिथे पूर्वी नुसतं गवत आणि शेळ्या असायच्या तिथे ताज्या नांगरटीचे तांबूस पट्टे होते.

कड्याला एक बाई शेजारी येऊन बसली. बसल्या बसल्या "कुनीकडं?" झालं, नवरा-पोरं झाली, आणि मग पाऊसपाणी. "अवो, पाऊस लई झाला बाई औंदा, पर ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली. "पाव्हना आल्यावानी आला, उंबऱ्यातच पानी पिला आन् गेला."

मी मनात म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे. पाटाचं पाणी आलं की आम्ही ते उसात सोडतो आणि विसरतो. ते रानात बसून राहतं. खालच्या अंगाची जमीन चोपण झाली, पांढरी पडली, तर आता तिथलं पाणी बाहेर काढायला आम्ही चर खणतोय. एकाच जिल्ह्यात एकाला पाणी जावं म्हणून खणावं लागतं आणि दुसऱ्याला राहावं म्हणून. बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग द्या की इकडं सोडून!" आणि आष्टी येईपर्यंत हसत राहिली.

दादाचा माळ

खर्ड्याच्या चौकात दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. किल्ल्याची तटबंदी उन्हात तापली होती. "किल्ला बघायचा का, सुमे?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं, कारण मला वस्तीवर जायची घाई होती. पण दादाने गाडी घराकडे नेलीच नाही. थेट माळावर नेली. त्याला काहीतरी दाखवायचं होतं, आणि दाखवायचं असलं की माझा भाऊ अजून शाळेतला होतो.

इथली मांडणी एकदा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सगळ्यात वर डोंगर. त्याच्या पोटाला दादाचा उताराचा माळ. माळाच्या पायाशी शेवंता-भिवाचं वावर आणि त्यांची विहीर. त्याच्या खाली पाझर तलाव, ज्याला सगळे नुसतं तळं म्हणतात. आणि दादाच्या माळाला लागून, तसाच उतार, तसाच डोंगर, पण तो म्हसोबाचा माळ. तिथे नांगर घालायचा नाही, कुऱ्हाड लावायची नाही, गवतसुद्धा विळ्याने कापायचं नाही, असा जुना दंडक आहे. शेळ्या तेवढ्या चरतात.

दादाच्या माळावर मी लहानपणी कुसळं काढत बसलेय. आता तिथे काळंभोर रान होतं आणि कांद्याची रोपं नुकतीच लावलेली, हिरव्या दोऱ्यासारखी. वरून खाली सरळ रांगा.

"बघ," दादा म्हणाला. "हितं कुसळाबिगर काय उगवत हुतं का? तळ्यातला गाळ काढला आन् टिप्परनं वर आनला. हातभर थर दिला. पयल्या साली कांदा असा आला, लोकं बघायला आली."

"आणि इथल्या ताली?" मी विचारलं. ताली म्हणजे उताराला आडवे घातलेले दगडांचे बांध. आमच्या आजोबांनी घातले होते.

"काढल्या. ट्रॅक्टरला वळायला जागाच घावत न्हवती. आता कसं, वरनं खाली एकच तास." कडेला जेसीबीने लोटलेला दगडांचा ढीग पडला होता, त्याकडे त्याने हात केला. "आन् गंमत सांगू? तळं दरसाल नवा गाळ देतंय. मी उन्हाळ्यात काढतो, पावसाळ्यात परत तयार! देवाची करनी म्हनायची."

नांगराचे तास, म्हणजे नांगराने पाडलेल्या चऱ्या, डोक्यावरून फणी फिरवल्यासारखे थेट खाली उतरत होते. ते जिथे संपत होते तिथे शेवंताचं वावर सुरू होत होतं.

"दादा, पाऊस आला तर या तासांमधून पाणी धावतच खाली जाईल," मी म्हणाले.

"पानी खालीच जातं, सुमे. वर जातंय व्हय?" तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

शेवंताची विहीर

दुसऱ्या दिवशी वहिनीने चहा ठेवायच्या आत मी शेवंताकडे पोचले. ती दारात शेळीचं दूध काढत होती. मला बघून उठली, पदर सावरला.

"वन्सं! कवा आला?" आणि लगेच, "तुमच्याच गावाला यायची तयारी चाललीया बगा. तुमच्या बांधाला कोपी घातली तर हाकलून न्हाई ना द्यायच्या?"

ती हसत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "असं काही बोलू नको गं." ती म्हणाली, "मग काय बोलू?"

तिने वावर दाखवलं. वरच्या अंगाला निम्म्या रानावर मुरूम पसरला होता, बोटभर जाड खरखरीत थर. खाली गाळ साचून त्याला भेगा पडलेल्या. बाजरी होती, पण गुडघ्याएवढी राहिलेली. विहीर बघायला मी कठड्यावरून वाकले. पाणी होतं, पण चहासारखं, आणि तळाशी गाळ चढलेला.

"त्या कपारीतनं झरा यायचा," भिवा म्हणाला. भिवा दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक. "होळीपतोर यायचा."

"माळावर गवात हुतं तवर पानी दमानं यायचं," शेवंता म्हणाली. "पावसात न्हाई, पाऊस झाल्यावर यायचं. आता पाऊस पडला की धाडकन येतं आन् संगं मुरूम घिऊन येतं. दोन पावसाळं असंच. हीर उपसून गाळ काढला तर पुढल्या पावसात परत तेच. मग ज्वारी कशावर करायची? शेळ्यांना चारायला माळबी न्हाई ऱ्हायला."

"दादाला सांगितलंस?"

"थोरलं दीर हायती. माझ्या तोंडानं मी काय सांगू? ह्यांनी सांगितलं एकदा." तिने भिवाकडे बघितलं. "ह्ये बोलले, 'दादा, माळावरनं पानी लई येतंय.' दादा बोललं, 'व्हय, औंदा पाऊस चांगला हाय.' झालं बोलनं!"

मग तिने मला शेंगोळे खायला घातले. हुलग्याच्या पिठाची वळलेली बोटं, लसणाच्या तिखट पाण्यात रटरटून शिजवलेली. आमच्याकडे हुलगे आता कोणी पेरत नाही. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ले आणि वर रस्सा प्याले. शेवंताने आणखी वाढायला पळी उचलली तेव्हा भिंतीशी गुंडाळून ठेवलेली पटकुरं, पातेली, घागर दिसली. बांधाबांध सुरूही झाली होती.

ढग

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही मी दादाशी चार वेळा बोलायला गेले आणि चारही वेळा भांडून आले. शांतपणे बोलायचं ठरवून जायची, पण तो कांद्यात खुरपत वाकलेला दिसला की माझा आवाज चढायचा. "ताली परत घाल," मी म्हणायची. "रोपं लावून झाल्यात, आता ताली कुठनं घालू? कांद्यावरनं?" तो म्हणायचा. त्याचंही खरं होतं. त्या माळावर त्याने घाम गाळला होता. आमच्या घराण्यात कांद्याने पहिल्यांदाच चार लोकांत त्याचं नाव झालं होतं. पण शेवंता जाणार त्याचं काय? यावर तो म्हणायचा, "लोकं जातात कोयत्याला. आपला आबा न्हवता जात?" आबा म्हणजे आमचे वडील. मग मी पाय आपटत घराकडे आणि तो खुरपं आपटत कांद्यात.

हवा गच्च झाली होती. मला एका जागी बसवेना. मोबाईलवर ढग बघ, मग अंगणात येऊन खरे ढग बघ, परत मोबाईल. तळ्यावर गेले, तर काठचा गाळ वरून सुकलेला दिसला म्हणून पाय टाकला आणि पोटरीपर्यंत आत गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. वहिनीने तिची चप्पल दिली, ती मला मोठी होत होती. चट्‍चट्‍ वाजवत मी आणखी जोरात फिरायला लागले. "ताई, घटकाभर टेका की हो," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडं बघून मलाच दम लागतोय."

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली आणि डोंगराच्या मागून ढग वर आला. परतीचा पाऊस गडगडाट करून येतो, तसाच आला. दादा गोणपाटाची खोळ घेऊन माळाकडे निघाला, मीही त्याच्या मागे. "तू कुठं? घरी बस!" तो ओरडला. मी काय ऐकते!

थेंब मोठे होते. पहिल्यांदा काळ्या रानावर नुसती भोकं पडली. मग प्रत्येक तासात बोटाएवढी धार दिसायला लागली. बघता बघता धारा वाढल्या, आणि सगळे तास एकदम वाहायला लागले, वरून खाली, कुठेही न अडता. पाणी काळं होतं. दादा खोऱ्याने एका तासाचं तोंड अडवायला धावला तर पाणी शेजारच्या तासात शिरलं. तिकडे धावला तर तिसऱ्यात. त्याच्या पायाखालची माती सरकत होती. तो घसरून पडला, उठला, परत धावला. मला रडू आलं, पण त्या पावसात कोणाला दिसणार?

मी म्हसोबाच्या माळाकडे बघितलं. मध्ये नुसता एक दगडी बांध. तोच उतार, तोच पाऊस. गवत भिजून आडवं झालं होतं आणि त्याच्या बुडातून पाणी झिरपत, थांबत, थोडं थोडं बाहेर येत होतं. जे येत होतं ते जवळजवळ नितळ होतं. मी दादाला हाका मारल्या, "दादा, तिकडं बघ!" पण तो ओणवा होऊन हातांनी माती ओढत होता. त्याला ऐकू गेलं नाही, नाहीतर ऐकायचं नव्हतं.

पाऊस थांबल्यावर तो घरी आला, अंग पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

रोपं

शनिवारी सकाळी दादा ओट्यावर चहा घेत बसला होता. मी अंगणात फेऱ्या मारत होते. वहिनी भाकरी थापत होती. शेवंता डोक्यावर पाटी घेऊन आली, मागून भिवा. दिराच्या समोर ती सहसा येत नाही. आज आली, पदर नीट घेतला आणि पाटी ओट्याच्या कडेला उतरवली. पाटीत कांद्याची रोपं होती. चिखलाने माखलेली, मुळं धुऊन निघालेली, शेकड्यांनी.

"दादा, तुमची रोपं हायती," ती म्हणाली. आवाज खालचा, पण स्वच्छ. "माझ्या वावरात आल्ती. काई तळ्याच्या तोंडाशी घावली, ती ह्यांनी गोळा केली. कुनाचं मोकाट ढोर आपल्या रानात आलं तर आपन दावं धरून मालकाच्या दारात आनून बांधतो. तशी आनली."

दादा पाटीकडे बघत राहिला.

"माती बी तुमचीच आल्ती," शेवंता म्हणाली. "पर ती कशात भरून आनू?"

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मी तोंड उघडलं तर वहिनीने पिठाच्या हाताने माझा दंड दाबला. बरं झालं दाबला.

दादाने चहा तसाच ठेवला आणि तळ्याकडे चालू लागला. आम्ही सगळे मागून. माळाकडून येणारा ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे नव्या गाळाचा पंखा पसरला होता, काळा, मऊ, तुपासारखा. जागोजागी त्यात कांद्याची रोपं आडवी पडलेली. दादा उकिडवा बसला. मूठभर गाळ उचलला, बोटांनी चोळला, वास घेतला. शेतकऱ्याला आपली माती कळते, ते कोणी सांगावं लागत नाही.

"ह्यो माझाच गाळ हाय," तो म्हणाला. मूठ खाली सोडून म्हणाला, "मी उन्हाळाभर वर न्यायचा आन् ह्यानं पावसाळ्यात खाली यायचं. आन् मी म्हनतोय तळं देतंय."

तळ्यात पाणी यायला जागा किती कमी राहिली होती, ते तिथे उभं राहून सगळ्यांनाच दिसत होतं.

"शेवंता," दादा उठून म्हणाला, "रब्बीला माझ्या बोअरचं पानी घे. मी पाइप टाकून देतो. कोयत्याला जाऊ नको."

मला वाटलं, सुटला प्रश्न! पण शेवंताने मान हलवली.

"तुमच्या बोअरचं नको, दादा. माझ्या हिरीचं द्या."

"हिरीचं मी कुठनं देऊ?"

"वरनं," ती म्हणाली आणि माळाकडे बोट केलं.

दादा तिथून निघून गेला. दुपारी जेवायला आला नाही. मला धीर धरवेना. मी वहिनीला दहादा विचारलं, "रागावला असेल का गं? आता काय करेल?" वहिनी म्हणाली, "मला काय म्हाईत? मी त्येंच्या पोटात हाय व्हय?" मग दिवस कलताना दादाचा आवाज आला. तो गोठ्यापाशी उभा राहून फोन करत होता, एकामागून एक. "उद्या इर्जिक हाय माझ्या माळावर. घरटी एक माणूस पाठव. खोरं, टिकाव घिऊन या."

इर्जिक आमच्याकडे फार जुनी. ज्याचं काम एकट्याला पेलत नाही त्याने हाक द्यायची, सगळ्या वस्त्यांनी यायचं, एक दिवस राबायचं, मजुरीचा शब्द नाही, मालकाने पोटभर जेवू घालायचं. यंत्रं आल्यापासून कोणी हाक देत नाही. त्यामुळे पलीकडून थट्टा चालली असावी, कारण दादा एकदा खेकसला, "न्हाई रं बाबा, जेसीबी काई बिघडलं न्हाई! तूच ये." वहिनीने काही न विचारता खिरीसाठी गहू भिजत घातले.

इर्जिक

रविवारी ऊन चढायच्या आत माळावर बरीच माणसं जमली. म्हातारी जास्त, तरणी कमी, बाया भरपूर. भिवाने गवंडी वापरतात तशी पाण्याची लांब पारदर्शक नळी आणली होती. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, दोन्हीकडे पाणी सारखं आलं की जागा समपातळीत. त्या खुणांवर राखेची रेघ मारत गेले. रेघ उताराला आडवी, वाकडीतिकडी, डोंगराच्या पोटासारखी वळत गेली, आणि जिथे जिथे गेली तिथे उरलेल्या कांद्यावरून गेली.

म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "कांदा निघाल्यावर केलं असतं, काय बिघडलं असतं?"

"तवर माती ऱ्हायला पायजे," दादा म्हणाला. मग तो स्वतः वाकला आणि रेघेवरची रोपं उपटायला लागला. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही. रोपं उपटून बाजूला ठेवत तो पुढे सरकत होता आणि मागून माणसं दगड रचत होती. वहिनी खिरीच्या पातेल्यापासून लांबून हे बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. धूर लागला म्हणाली. मला त्या घटकेला माझ्या भावाचा जितका अभिमान वाटला तितका त्याच्या कांद्याचा कधी वाटला नव्हता.

सगळ्यात वरचा तुकडा गवताला सोडायचा ठरला. बायांनी म्हसोबाच्या माळावर जाऊन पिकलेल्या गवताचं बी ओंजळीने झाडून आणलं. विळा लावायचा नाही, पण बी झाडायला म्हसोबाची ना नसते म्हणे. मीही दगड वाहिले. पहिल्या पाटीतच कंबर धरली, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझे पाय कशाच्या तरी कामाला आले होते.

जेवणं व्हायच्या आधी मुकादमाची मोटारसायकल खाली ओढ्यापाशी थांबली. तो चढत वर आला. हसतमुख माणूस, गळ्यात उपरणं, खिशात मोबाईल. मीच दचकले. शेवंता काय करणार हे मी तिला दोन दिवस विचारलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. ताली आज घातल्या तरी झरा आज थोडाच सुटणार होता? विहीर तशीच गढूळ, रान तसंच मुरमाड. तिच्या जागी मी असते तर गेले असते.

"काय भिवा, नाव धरू ना तुमचं?" मुकादमाने विचारलं. "टोळी भरत आली."

भिवाने बायकोकडे बघितलं. दादा दगड हातात धरून जागच्या जागी उभा राहिला. सगळ्यांचीच खोरी थांबली.

शेवंताने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, घाम पुसला.

"दादा," ती म्हणाली, "पाइपाचं बोलला हुता त्ये खरं का?"

"खरं."

"मग ह्या रब्बीला उसनं घेते. माझ्या हिरीला झरा सुटला की परत देईन. फुकट नको." मग ती मुकादमाकडे वळली. "न्हाई येत आमी, भाऊ. दुसरा कोयता बगा."

"आगं वैनी, पन का?" मुकादम म्हणाला. "एवढं तयारीत हुता की तुमी."

"आमी तिकडं गेलो आन् ह्यांनी दिवाळीत परत जेसीबी बोलावला, तर राखन कोन करनार?"

माळभर हसू फुटलं. मुकादमही हसला, म्हातारे तर खोकेपर्यंत हसले. मी हसता हसता रडायला लागले आणि ते लपवायला खाली बसले. दादा तेवढा हसला नाही. तो हातातला दगड घेऊन तालीपाशी आला, रेघेवर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने धाकट्या भावजयीला काहीतरी विचारलं.

"शेवंता, ह्यो हितं बसंल का बघ."

ती पुढे आली, वाकून बघितलं.

"वाईच आडवा घ्या," ती म्हणाली. दादाने घेतला.